आजीबाईची डुलकी

३ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. कल्पना तुमच्या भावाचीच. म्हणाले, फोन मध्येच कापता येतो, कागद फार तर वाचायचा राहतो. दर रविवारी ते तुमच्याशी बोलतात तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत बसलेली असते. हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि तरी तुम्ही माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांची चौकशी करता. परवा तर खिडकीतल्या कुंडीचीही केलीत. कुंडी बरी आहे. मीही बरी आहे.

लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं, नातवाला तुमचं नाक आलंय, हे कळलं. मुलगा आहे, चालून जाईल. रागावू नका. रागावलेल्याच आहात, तर आणखी थोडं काय.

इथे लाँड्रीत सगळ्यांचं म्हणणं असं की नणंद रुसून लेकीकडे गेली, बाळंतपण हे निमित्त. मी कोणाला काही बोलत नाही. साहेबांनी सुपरवायझर म्हणून माझं नाव वाचलं आणि त्याच आठवड्यात तुम्ही रजा टाकलीत, हे सगळ्यांनी पाहिलंय. मला तिथे तुम्हीच चिकटवलंत, चादरीला सुरकुती कशी पाडायची नाही हे तुम्ही शिकवलंत, इतकी वर्षं चादरीचं एक टोक तुमच्या हातात आणि दुसरं माझ्या. जागा तुमची होती असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. पण साहेबांना संगणकावर आकडे भरणारं माणूस हवं होतं आणि तुम्ही त्या पडद्याकडे पाठ करून बसता. मी काय करायला हवं होतं? नको म्हणायचं? मग बाहेरचा कोणीतरी आणून बसवला असता आणि तुम्ही मला म्हणाला असतात, बावळट आहेस. खरं की नाही ते सांगा.

आता माझा निळा एप्रन गेला आणि राखाडी कोट आला. कोटाला चार खिसे आहेत आणि ठेवायला काही नाही. चहाच्या सुट्टीत बाकावर सगळ्या बसतात तशाच बसतात, पण मी गेले की सरकून जागा करतात. पूर्वी कोणी सरकत नव्हतं, मी दोघींच्या मध्ये घुसायचे. आपली रेडिओसुद्धा गप्प झाली आहे. तिला झोपेतही गप्प बसता येत नाही असं तिचा नवराच सांगायचा. मी आले की रेडिओ बंद, मी वळले की चालू. आपल्यातल्या सगळ्यात धाकटीला पाचवा महिना लागलाय, हे मला सगळ्यांच्या शेवटी कळलं.

एक गंमत सांगते. पहिल्या दिवशी साहेबांनी मला आजीबाईची ओळख करून दिली. मला! म्हणाले, बाई, हा इस्त्रीचा मोठा रोलर, तापलेला असतो, पुढच्या दोघी ओली चादर आत सरकवतात, मागच्या दोघी कोरडी बाहेर घेऊन घडी घालतात. मी मान डोलावली. मग वाकून गुडघ्यापाशी असलेली ती लांब पट्टी दाखवली. हात अडकला तर गुडघा मारायचा, की रोलर जागच्या जागी थांबतो आणि उचलला जातो. मग मात्र तो गार होऊन परत तापेपर्यंत काम बंद, त्यामुळे उगाच धक्का लागता कामा नये. मी म्हटलं, हो का.

ती पट्टी आपण इतकी वर्षं गुडघ्याने वाजवत आलोय. कोणाला चक्कर आली, कोणाला घरी फोन करायचाय, कोणाचं पोट दुखतंय, की तुमची एक नजर फिरायची आणि पुढच्यांपैकी एकीचा गुडघा हलायचा. रेडिओ ओरडायची, आजीबाईला डुलकी लागली! दिवसातून एकदाच, खरी गरज असलेल्यासाठीच, आणि गुडघा कोणाचा हे कोणी कोणाला विचारायचं नाही. नियम तुमचा. त्याच्यापुढे साहेबांचे नियम कुठेच नाहीत.

उत्तर लिहा. नाहीतर नुसता कोरा कागद पाठवा, मी समजून घेईन.

तुमची भावजय
(नात्याने धाकटी, हुद्द्याने तूर्त मोठी)


११ फेब्रुवारी

ताई,

कोरा कागदही नाही. बरं.

आज मात्र मी खूश आहे आणि सांगायला दुसरं कोणी नाही. तुमच्या भावाला सांगितलं तर ते म्हणाले, हं. ड्रायव्हर माणूस, त्यांचं हं सुद्धा ब्रेक दाबून येतं.

झालं असं. साहेबांच्या नव्या पडद्यावर आजीबाई कधी थांबते ते दिसतं. मला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली. आधी कधी दिली नव्हती. म्हणाले, बाई, हा रोलर रोज एकदा थांबतो. कधी सकाळी, कधी दुपारी, पण एकदा नक्की. मशीन इतकं वक्तशीर बिघडतं का? तुम्ही त्यांच्यातच होतात, तुम्हाला माहीत असणार.

एका वाक्यात सगळ्यांची नोकरी होती हो. रेडिओ, धाकटी, मागच्या दोघी. तुमचीसुद्धा, कारण रजा संपून तुम्ही परत याल तेव्हा पहिला प्रश्न तुम्हालाच आला असता. मी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. म्हटलं, साहेब, पट्टी ढिली झाली आहे. जुनं मशीन. नुसता ओल्या चादरीचा कोपरा लागला तरी थांबतं. बायका बिचाऱ्या वैतागल्या आहेत.

साहेबांना पटलं! म्हणाले, असं होय, आधी का नाही सांगितलंत. मी बाहेर आले तेव्हा वाटलं, कोटाचा काहीतरी उपयोग झाला. घडीच्या टेबलावर असते तर मला कोणी विचारलं नसतं आणि मला काही वाचवता आलं नसतं.

चहाच्या वेळी बाकावर गेले. वाटलं होतं सांगावं, सगळ्या हसतील, पाठीत एखादी थाप पडेल. सगळ्या सरकल्या. मी कप घेऊन उभ्याउभ्याच प्यायले आणि सांगायचं राहून गेलं. पण मनात म्हटलं, असू दे, यांना न सांगताही यांची काळजी घेणारं कोणीतरी आहे.

तुम्ही असतात तर तुम्हाला तरी सांगितलं असतं.


२० फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र फाडून टाका.

वायरमन आला होता. साहेबांनीच बोलावला. पट्टी ढिली आहे ना, मग तिची वायर तूर्त काढून ठेवा, नवीन पट्टी मागवू, असा हुकूम. वायरमनने पट्टी तपासली, माझ्याकडे बघितलं, परत पट्टीकडे बघितलं. म्हणाला, पट्टी तर ठणठणीत आहे, कोण म्हणतं ढिली? साहेब म्हणाले, बाई म्हणतात. मी म्हटलं, हो, कधीकधी होते. दुसरं काय म्हणणार? पट्टी चांगली आहे म्हटलं तर रोज थांबत कशी होती ते सांगावं लागतं. त्याने खांदे उडवले, वायर काढली, टोकांना टेप गुंडाळली आणि गेला.

आता पट्टी आहे पण मेलेली आहे. पुढच्या दोघींचा हात आत गेला तर गुडघा मारून काही होणार नाही.

बायकांना मी सांगितलं नाही. सांगणार होते, शब्द जुळवत होते. त्याआधीच दुपारी धाकटीला मळमळायला लागलं. रेडिओने गुडघा मारला. काही नाही. परत मारला. आजीबाई आपली गोल फिरतेच आहे. रेडिओने मान वळवून माझ्याकडे जे बघितलं ना ताई, ते मला मरेपर्यंत पुरेल. तिला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं, की मी जाऊन साहेबांच्या कानात सांगितलं आणि त्यांची डुलकी बंद पाडली.

गंमत बघा. तक्रार त्यांना करता येत नाही, कारण पट्टी चालत नाही हे तुम्हाला कसं कळलं, असं साहेब विचारतील. मला खरं सांगता येत नाही, कारण मग तीच गोष्ट साहेबांना कळेल. सगळ्या मूग गिळून बसलोय आणि मध्ये तो तापलेला रोलर फिरतोय.

साहेबांना मी म्हटलं, पट्टीशिवाय चालवणं धोक्याचं आहे. म्हणाले, बरोबर आहे, नवीन पट्टी मागवली आहे, तोवर तुम्ही लक्ष ठेवा. भिंतीवर लाल बटण आहे ना.

ते बटण कुठे आहे तुम्हाला माहीत आहे. दाराजवळ, पुढच्या दोघींच्या हाताला न लागणारं. म्हणून मी आता तिथे उभी असते. सकाळपासून पाळी सुटेपर्यंत. बटणावर हात आणि डोळे धाकटीच्या बोटांवर. बसत नाही, फोन घेत नाही, पाणी कमी पिते म्हणजे जावं लागत नाही. चहाच्या सुट्टीत रोलर बंद असतो तेव्हा धावत जाऊन येते, आणि तेवढ्यात त्यांचा चहा संपलेला असतो. मी वळून जाताना कोणीतरी म्हणालं, हवालदार निघाले. आवाज रेडिओचा नव्हता, म्हणून जास्त लागलं. रेडिओची मला सवय आहे.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? खरंच विचारते आहे, टोमणा नाही.


२ मार्च

वन्सं,

आज ताई म्हणवत नाही. काल फोनवर तुम्ही तुमच्या भावाला म्हणालात, मी ऐकलं: तिला आता कळू दे बाहेर उभं राहून कसं दिसतं ते. म्हणजे पत्रं वाचता तर! वाचता आणि गप्प बसता. माझी आई म्हणायची, नशीबवान आहेस, बहिणीसारखी नणंद मिळाली आहे. बहीण असती तर एव्हाना येऊन दोन शिव्या घालून गेली असती.

मी बाहेर उभी नाही. मी भिंतीला खिळून उभी आहे. बाहेर उभ्या माणसाला निघून तरी जाता येतं.

साहेबांकडे गेले होते. म्हटलं, मला परत टेबलावर पाठवा, निळा एप्रन द्या, मी घड्या घालते. ते हसले, वाईट हसले असं नाही, लहान मुलाला हसतात तसे. म्हणाले, बाई, या खुर्चीवरून टेबलावर जाता येत नाही. तुमची पूर्वीची जागा भरली. इथून वर जाता येतं, नाहीतर फाटकाबाहेर. तुमच्या भावाच्या गाडीचं काम कधी आहे कधी नाही, मुलीची शाळा, हे मी तुम्हाला लिहायला नको. मी म्हटलं, बरं साहेब.

आणि परवाचं ऐका. धाकटी पुढे उभी होती. उभ्याउभ्या तिचा डोळा लागत होता, मला दिसत होतं, पण थांबवू कोणत्या तोंडाने? लाल बटण दाबलं की साहेबांच्या पडद्यावर दिसतं आणि माझ्याकडे उत्तर मागतात. मी उत्तर शोधत होते. तेवढ्यात चादरीबरोबर तिची बाही आत गेली. तिचा गुडघा पट्टीवर आपटला, आवाज झाला मोठा, खोटा आवाज. मी बटण दाबलं. बोटं वाचली ताई. टोकांना नुसती लाल झाली, फोड आले. ती रडली नाही. खाली बसली आणि त्या पट्टीकडे बघत राहिली, जवळच्या माणसाने फसवल्यासारखी.

मी तिच्या बोटांवर पाणी ओतायला गेले. रेडिओने माझ्या हातून भांडं घेतलं. ओढून नाही, शांतपणे घेतलं.

साहेब आले. मला वाटलं, आता तरी. ते माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, शाबास, असं लक्ष असावं. मी नव्या पट्टीचं विचारलं. म्हणाले, मागवली होती, पण वरच्यांनी विचारलं की ती नसताना काम चांगलं होतंय, रोलर थांबत नाही, अपघातही झाला नाही, मग घाई काय? तुम्ही आहात ना.

कळलं का तुम्हाला? मी उभी आहे म्हणून पट्टी येणार नाही. आणि पट्टी नाही म्हणून मला हलता येणार नाही. मी इतकं नीट लक्ष ठेवलं की माझीच पट्टी झाली.

ते जाऊ दे. हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. तुमचे बंधुराज आज हसतहसत घरात शिरले. ताई येतेय, म्हणाले, सोमवारी कामावर रुजू होतेय, साहेबांशी बोलणंही झालं. धाकटीची बोटं बरी होईपर्यंत पुढची जागा रिकामी आहे, तिथे उभी राहणार.

इतके दिवस मी तुमची वाट बघत होते. आता हात जोडून सांगते, येऊ नका. त्या जागेवर तर नकोच. तुमचे गुडघे गेलेत, डोळे अधू झालेत, आणि तुम्हाला अजून वाटतं की चादर तुमचं ऐकते. माझा हात बटणापर्यंत वेळेवर पोचेलच, याची खात्री मला आता राहिलेली नाही.


७ मार्च

ताई,

तुम्ही आलात. मागच्या गल्लीत तुमच्या खिडकीत दिवा दिसला. भाऊ येऊन नातवाचे फोटो बघून गेले, मला कोणी बोलावलं नाही. म्हणून मागच्याच गल्लीत पत्र पाठवते आहे. पोस्टमन तुमचेच भाऊ. हसायचं तर हसा.

सोमवारच्या आधी तुम्हाला हे कळायला हवं. मी साहेबांना खरं सांगितलं.

सांगितलं की पट्टी कधीच ढिली नव्हती. गुडघा लागत होता. कोणाचा? सगळ्यांचा, माझाही. कशासाठी? म्हटलं, साहेब, पुढे उभं राहून बघा एक दिवस. त्यांना राग आला, पण मला वाटलं होतं तसा नाही. मोठा राग परवडतो हो, आपणही आवाज चढवतो. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि विचार करत बसले. काढून टाकलं तर सगळ्यांनाच काढावं लागेल, आणि मग चादरी कोण करणार? हॉटेलांचं आहे, दवाखान्यांचं आहे. शेवटी म्हणाले, वायर जोडून घ्या. पण इथून पुढे रोलर थांबला की मला नाव हवं. कोणाचा गुडघा ते तुम्ही सांगायचं. ज्याचं नाव येईल तो फाटकाबाहेर. नाव आलं नाही तर तुम्ही.

वायरमनने टेप काढली, वायर जोडली. माझ्याकडे न बघता म्हणाला, चांगली आहे म्हटलं होतं मी.

मग चहाच्या वेळी बाकापाशी गेले. त्या सरकायला लागल्या. म्हटलं, सरकू नका, उभ्यानेच सांगते. सगळं सांगितलं. पट्टी ढिली म्हणाले ते तुमच्यासाठी, बटणापाशी उभी राहिले ते तुमच्यासाठी, आज खरं बोलले तेही तुमच्यासाठी. आता पट्टी जिवंत आहे, बोटं वाचतील, पण डुलकी घेऊ नका, कारण नाव द्यावं लागेल.

मग रेडिओ बोलली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी, आणि हळू आवाजात, तिला हळू बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

"आधी तू आम्हाला वाचवलंस. मग तुझ्या वाचवण्यानं हिचा हात जात होता. आता परत वाचवतेस. मधे एकदा तरी आम्हाला विचारलंस का गं?"

राग आला, खोटं कशाला बोलू. पाय सुजलेत माझे यांच्यासाठी उभं राहून, आणि यांना विचारायचं! घरी येईपर्यंत राग पुरला. जिन्यात संपला. तुमच्याही बाबतीत मी तेच केलं ना? साहेबांनी नाव वाचलं तेव्हा मी तुमच्याकडे बघितलंच नाही. म्हटलं, घरी गेल्यावर समजावू. तुमच्या घरी आले तर तुम्ही बॅग भरत होतात.

सोमवारी या. पट्टी चालते, वायर जोडली तेव्हाच साहेबांसमोर मी स्वतः गुडघा मारून पाहिली.


११ मार्च

ताई,

आज दिवसभर तुम्ही माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होतात. तीन दिवस आहात. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, मी तुमच्या हातांखेरीज कशाकडे बघितलं नाही. पट्टी जोडली तरी मला भिंतीपासून हलता येत नाही, सवयच लागली आहे. हात आपोआप बटणावर जातो. काल घरी जेवताना भिंतीला हात लावून बसले होते, मुलगी हसली.

आज दुपारी काय झालं ते तुम्हीच केलंत, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुम्हाला कळायला हवं.

सकाळपासून डोकं हलकं झालं होतं. पाणी नाही, खाणं नाही, पोटऱ्यांत गोळे. मी कोणाला सांगितलं नाही, सांगणार कोणाला? भिंत गार होती, तिला टेकले. डोळ्यांपुढे काळं आलं, गेलं, परत आलं. कोणाला दिसलं नसेल असं वाटलं. राखाडी कोटाकडे कोण बघतं?

आणि आजीबाई थांबली.

तुमचा गुडघा मला स्पष्ट दिसला. तो दुखरा, डावा. बाकीच्या तिघींना घाम फुटला, कारण आता थांबणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. रेडिओ ओरडली नाही. तुम्हीच म्हणालात, चादर न सोडता, माझ्याकडे न बघता, रोजच्या आवाजात:

"आजीबाईला डुलकी लागली. जिला बसायचंय तिनं बसून घ्यावं."

कोणी बसलं नाही. रोलरपाशी सगळ्या धडधाकट उभ्या होत्या. मग बोटं बरी होईपर्यंत बाकावर बसून चादरी मोजणारी धाकटी उठली, चिंधी गुंडाळलेल्या बोटांनी तिने बाकावरची आपली जागा पुसली आणि मला हाताला धरून बसवलं. रेडिओने पाणी दिलं. मागच्या दोघी येऊन माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या, सरकल्या नाहीत, मी दोघींच्या मध्ये दाटीवाटीने बसले. रडले असते, पण पाणी पीत होते.

रोलर तापेपर्यंत बसले. आयुष्यात इतकी बरी कधी बसले नव्हते.

पाळी सुटताना साहेबांनी बोलावलं. पडद्यावर बोट ठेवलं. नाव? मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते. म्हणाले, उद्या सकाळी पहिलं काम तेच.

ताई, मी स्वयंपाकघरात बसून विचार करते आहे आणि मला एवढंच समजतं. गुडघा कोणाचा हे आपण कधी विचारत नव्हतो, कारण त्याला अर्थच नव्हता. ज्याला गरज, त्याची डुलकी. आजची डुलकी माझी होती. तुम्ही माझ्यासाठी थांबवलीत. तेव्हा साहेबांना नाव सांगायचं तर ते माझं, आणि ते खोटंही नाही. वाचवायला म्हणून मी ते सांगत नाही, खरंच सांगते. तुमच्याच नियमाने ते माझं निघतं. मग फाटकाबाहेर जावं लागेल तर जाऊ. तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही. ते हं म्हणतील.

पण रेडिओचा प्रश्न डोक्यातून जात नाही. मी परत एकटीनेच ठरवते आहे, भिंतीला टेकून, कोणाला न विचारता. तुम्हाला कदाचित तुमचं नाव सांगायचं असेल. कदाचित सगळ्यांनी मिळून काही ठरवायचं असेल. कदाचित मी नको तेवढी शहाणी आहे. म्हणून या वेळी विचारते. काय करू?

उद्या कामावर जाताना मागच्या गल्लीतून जाईन, तुमच्या दारावरून. दार उघडं असेल तर आत येईन, तुम्ही सांगाल ते ऐकेन, आणि मग आपण दोघी बरोबर जाऊ. बंद असेल तर तशीच पुढे जाऊन माझं नाव सांगेन.

चहा टाकू नका, तेवढा वेळ नसतो. नुसतं दार पुरे.